अजून न आलेलं औषध

जे औषध जन्मालाच आलं नव्हतं, त्यासाठी मी परळच्या इस्पितळात हट्ट धरला होता. तेव्हा मी अवघी सत्तरीची. अक्कल यायची होती! आमच्या ह्यांना अल्झायमर. संशोधनासाठी त्यांचं रक्त घेणारी मुलगी म्हणाली, "पेशीतले मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे रेणू प्रथिनं बनणं कमी करतात. ह्या आजारात त्यांचंच ताळतंत्र सुटतं." बोलताना तिची बोटं हवेत गॅसचं बटण फिरवत होती. तिचं नाव विचारायचं राहिलंच.

"मग ते ताळ्यावर आणणारं औषध दे की! उद्या हे मला विसरले तर?" मी कडाडले.

मनगटाने चष्मा वर सारत ती हसली. "आजी, बटणं सापडलीत. कुठलं किती फिरवायचं, ते शिकतोय."

बाहेर आल्यावर हे अदबीने म्हणाले, "बाई, छान भांडता तुम्ही. लग्न झालंय का तुमचं?"