नीलगिरीवाले अण्णा

के. आर. पुरम स्टेशनबाहेर सायकलवर तेलं विकणाऱ्या अण्णांनी माझ्या तान्ह्या लेकीला वाचवलं. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

मी सातवीत शाळा सोडलेली, लग्नानंतर सोलापूरहून इथं कन्नड मुलखात आलेली. जरा काही झालं की घाबरते. दाढेला लवंगेचं, सर्दीला नीलगिरीचं तेल त्यांच्याकडूनच न्यायचे. बाटल्यांवर चिठ्ठ्या नसायच्या. अण्णा स्वतःच्या मनगटावर थेंब चोळून पुढं करायचे, "वास बघ, मग घे." बेळगावकडचे, म्हणून मराठी बोलायचे.

त्या दिवशी लेकीची छाती घरघरत होती.

"अण्णा, नीलगिरी द्या. हिच्या नाकाला लावते."

त्यांनी बाटलीकडं नेलेला हात मागं घेतला. "तान्ह्याला नाही."

"स्वल्प, थोडंसं तरी?"

"स्वल्प पण नाही. श्वास अडकेल. मला शिव्या घाल हवं तर, पण आधी दवाखान्यात जा."

रिक्षाही त्यांनीच थांबवली. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले.

लेक आता दुडुदुडु चालते. इथल्या शाळेत कन्नड लिहायला शिकली, की अण्णांच्या सगळ्या बाटल्यांवर तिच्याकडून नावं लिहून घेईन. नीलगिरीच्या बाटलीवर खाली आणखी एक ओळ: तान्ह्याला नाही.