उपासाची कुंडी

नोकरीसाठी बंगळुरूला जाताना मुलीने मातीची एक पसरट कुंडी माझ्या हवाली केली. तीत तिने पानांत पाणी साठवणारी नऊ सक्युलंट मांडली होती: मधोमध राखी-निळ्या पाकळ्यांचे एचेवेरिया, भोवती मण्यांसारख्या गुबगुबीत पानांची सेडमे. “दिवाळीला आले की मोजणार आहे,” ती म्हणाली. आवाज लाडिक असला तरी धमकी खरी होती. मोगरा आणि दोन तुळशी माझ्याच देखरेखीखाली वारल्या होत्या.

मी कुंडी पुढच्या पायरीवर, हिरव्या जाळीखाली ठेवली. ही रोपे कडक उन्हाळ्यात झोपतात आणि झोपेत पाणी मिळाले तर कुजतात, एवढे मी पाठ केले होते. मे महिन्यात आठ दिवस भावाकडे जायचे ठरले, तेव्हा शेजारच्या काकूंना मी बजावले, “पाणी अजिबात नको.”

काकूंनी कूलरमध्ये पाणी ओतता ओतता बादली खाली ठेवली. ओल्या खसाचा वास आमच्या दोघींमध्ये येऊन थांबला.

“काहून वं? एवढ्या तपनीत?”

मूळ, कूज, निचरा असे साधे शब्द जवळ असताना मला उपमा सुचली. आयुष्यभर कवितेत रमल्याचा हा दोष. मी म्हणाले, “काकू, त्यांचा उपास आहे.”

“कोन्या देवाचा?”

“उन्हाळ्याचा.”

“मंग ठीक हाय,” काकू गंभीरपणे म्हणाल्या. स्वतःच्या प्रतिभेवर खूश होऊन मी गाडीत बसले.

आठ दिवसांनी फाटक उघडले आणि आंबूस वास आला. एचेवेरियाच्या पाकळ्या शिजल्या साबुदाण्यासारख्या पारदर्शक झाल्या होत्या. बोट लावताच त्या निमूटपणे गळून पडल्या. नऊच्या नऊ संपली होती.

“काकू, पाणी घातलंत?”

“सकाळ-संध्याकाळ एक-एक गडवा. एकादशीले नारळपानी बी देल्लं.”

“अहो, उपास होता ना!”

“मंग? उपासाले पानी नाई चालत काय? मी का त्यायले भाकर देल्ली?” मग माझा चेहरा पाहून त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “निरजळी म्हनाचं होतं ना वं. एक घोट नसता देल्ला.”

चूक शब्दाची होती आणि शब्द माझा होता.

पंधरा दिवसांनी काकू सूप घेऊन आल्या. खिडकीशी ठेवलेल्या भिवापुरी मिरच्या निवडताना त्यांना काहीतरी सापडले होते. मी गेले त्या पहिल्याच दिवशी पायरीवर गळालेली चार पाने त्यांनी उचलून सुपात टाकली होती आणि ती विसरून गेल्या होत्या. मिरच्यांच्या खाटात, थेंबभर पाण्याविना, त्या पानांना दोऱ्याएवढी गुलाबी मुळे फुटली होती. मला शिंका येत होत्या. डोळ्यांतले पाणी मी मिरच्यांच्या नावावर खपवले आणि पाने त्याच कुंडीत मातीवर टेकवली.

दिवाळीला मुलगी चपलाही न काढता कुंडीपाशी बसली. चार रोपे, प्रत्येक नखाएवढे.

“आई, नऊ होती.”

मी तोंड उघडले, पण काकू कुंपणावरून आधीच बोलल्या, “तुह्या मायनं त्यायचा उपास सांगतला, अन् मी सोडोला!”

मुलीने पुन्हा एकदा मोजले, चार. मग हसू दाबत तिने कुंडी उचलली आणि दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवली, कोरडी.