तारामती आक्काची रुतलेली सहल

गळतग्याच्या तारामती आक्काला उभ्या जन्मात दोन गोष्टी जमल्या नाहीत. एक हळू बोलणं, दुसरी रिकामं बसणं.

पहिलीचा दोष माहेराकडं जातो. चिकोडीकडचं भरलं घर, पंगतीत जो ओरडेल त्याच्याच पानात तूप पडायचं. दुसरीचा दोष मात्र तिच्या नवऱ्याचा, म्हणजे नेमगोंडा अण्णांचा. तंबाखूचा भाव पडला त्या साली अण्णांनी शेताच्या जोडीला एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, निपाणीच्या शाळेला पोरं न्यायला. गाडी चांगली, रस्ता चांगला, पण अण्णा चालवायचे कसे? रस्त्यात कुत्रं आडवं आलं की थांबायचे, कोंबडी आली की थांबायचे. एकदा पावसाळ्यात एक वाणी किडा डांबर ओलांडत होता, तर अण्णांनी खाली उतरून त्याला वाट दिली. पोरांची चंगळ झाली. प्रार्थना बुडायची, पहिला तास बुडायचा. एक दिवस मोठ्या बाईंनी अण्णांना बोलावून विचारलं, "काय हो, शाळा कुठल्या गावाला आहे म्हणून सांगितलंय तुम्हाला?"

अण्णांनी घरी येऊन किल्ली कोनाड्यात ठेवली. तारामतीनं त्या आधी उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवलेला होता. तिनं पदर खोचला, किल्ली उचलली आणि दुसऱ्या दिवशी पोरं प्रार्थनेच्या आधी शाळेत हजर. तेव्हापासून ती 'व्हॅन आक्का' झाली. सकाळी हॉर्न, धावपळ, "बसा, बसा, हात आत घ्या," डोकी मोजायची, दार ओढायचं, सुटायचं. दोन पिढ्या तिनं अशा नेल्या-आणल्या. शेजारची सून सांगायची, आक्का देवळात दर्शनाला उभी राहिली तरी मागं वळून रांगेतली माणसं मोजते.

मग गाडीचं वय झालं. आता हिच्यात शाळेची पोरं बसवायची नाहीत, असं ठरलं. घेणारे येऊन टायर लाथाडून बघू लागले. आक्काला ते बघवेना.

मार्ग काढला लेकीनं. क्षमा बेळगावात टिळकवाडीला राहायची, शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "आई, गाडीतच घर कर. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. आणि थंडीत दोघं समुद्राकडं जावा."

"दोघंच?" आक्का म्हणाली.

हा प्रश्न खरा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं मिळून असं कुठं गेलेच नव्हते. श्रवणबेळगोळ झालं, ते गावच्या बसमधून चाळीस माणसांबरोबर. त्यात अण्णा सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, विहिरीचं गाळलेलं पाणी लागतं, लॉजच्या गादीवर झोप लागत नाही. असल्या माणसाला घेऊन जायचं कुठं?

"म्हणूनच म्हणते," क्षमा म्हणाली, "घर सोडायचंच न्हाय. घरच घेऊन जायचं."

बेळगावच्या उद्यमबागेत मष्णू नावाचा फॅब्रिकेशनवाला होता. त्यानं बाकडी काढून पलंग बसवला, भिंतीला कप्पे केले, मागच्या दारात उघडमिट करता येईल असा ओटा दिला. चिकोडीच्या आरटीओत चकरा मारून जावयानं कागदपत्रं नीट केली. आणि संक्रांत झाल्यावर एका सकाळी आक्का आणि अण्णा निघाले. कप्प्यात भाकरी, शेंगाचटणी, शेंगदाण्याच्या पोळ्यांची चळत. टाकीत घरच्या विहिरीचं गाळलेलं पाणी. ठरलं होतं असं, की आंबोलीचा घाट उतरायचा, वेंगुर्ल्याकडनं किनारा धरायचा आणि रमतगमत कारवारपर्यंत जायचं.

रमतगमत हा शब्द क्षमाचा. आक्कानं गाव सोडलं तेच शाळेची वेळ गाठायची असल्यासारखी.

"धबधबा!" अण्णा आंबोलीत म्हणाले.

"थंडीत कसला धबधबा? ओला दगड हाय नुसता."

"बघू तरी, गं."

"बघिटला न्हवं काचेतनं? झालं."

सावंतवाडीत अण्णांना लाकडी खेळणी बघायची होती. आक्कानं गाडीचा वेग कमी केला, हे तिच्या मते थांबण्यासारखंच होतं. दोन वेळा तिनं आरशात मागं बघून डोकी मोजली. मागं कोण नव्हतंच. डोकं एकच, तेही शेजारी, आणि ते झोपलेलं.

वेंगुर्ल्याच्या अलीकडं एका लहानशा गावापाशी सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला तेव्हा दिवस कलला होता. अण्णा जागे झाले, समुद्र बघितला आणि हात जोडले. आक्कानं सूर्य बघितला. जेवण करायला फार वेळ उरला नव्हता.

"हितंच झाडाखाली लाव," अण्णा म्हणाले. "पुढं वाळू मऊ दिसतीया."

"एवढं लांबनं आलो ते झाडं बघाय? मी पोरांस्नी दारात उतरवलंय जल्मभर. तुम्हालाबी समुद्राच्या दारात उतरवते."

आणि तिनं गाडी वाळूत घातली. गाडी झोकात पुढं गेली, मग जरा दमली, मग मागची चाकं गरगरली आणि जागच्या जागी खाली बसली. आक्कानं ॲक्सिलरेटर दाबला. गाडी आणखी बसली. तिनं आणखी दाबला.

"तारा," अण्णा शांतपणे म्हणाले, "विहीर पाडायची असंल तर पाणी हितं खारं लागंल."

आक्का खाली उतरली. चाकं निम्मी गडप. तिनं हातानं वाळू उपसायला घेतली. अण्णा म्हणाले, "आधी जेवू. सूर्य काय तुझ्या गाडीसाठी थांबायचा न्हाय." तिनं रागारागानं ओटा उघडला, शेगडी पेटवली, पिठलं केलं. दोघं वाळूत पोतं टाकून जेवले. समोर सूर्य पाण्याला टेकला तेव्हा किनाऱ्यावर फिरायला आलेली चार-दोन शहरी जोडपी मोबाईल वर धरून उभी होती. अण्णांनी शेवटचा घास गिळला, घोटभर पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि मगच मान वर केली. "मावळला व्हय? बरं झालं," ते म्हणाले.

सायकलवरून एक माणूस आला. काळाभोर, अंगात स्वेटर आणि खाली अर्धी चड्डी. गाडीचा कर्नाटकचा नंबर बघून त्यानं हिंदीत सुरू केलं, "गाडी फस गया क्या?"

"व्हय रं बाबा, फसली," आक्का म्हणाली.

"अरे, मराठी काय तुमी! खंयसून इलात?"

"निपाणीकडनं."

त्याचं नाव रवळू. त्यानं चाकांकडं बघितलं, आक्काकडं बघितलं आणि हसू आवरलं. "आता कायेक करू नकात. भरती हंयसर येना नाय. सकाळी आमी रापण वडूक येतलव. धा-वीस माणसा असतत. आधी रापण, मगे तुमची गाडी."

रापण म्हणजे काय, ते त्यानंच समजावलं. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे.

तो गेला आणि आक्कापुढं खरं संकट उभं राहिलं. सकाळपर्यंत करायचं काय? भांडी घासून झाली. ओटा पुसून झाला. तिनं वाळूसुद्धा झाडून बघितली, पण वाळू किती झाडणार? शेवटी ती गाडीच्या पायरीवर येऊन बसली. शेजारी अण्णा घोंगडं पांघरून बसलेले.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे?"

"म्हंजे हेच. बसायचं."

थोडा वेळ ती बसली. मग म्हणाली, "अवो, तुमच्या कानावरचे केस सगळे पिकल्यात की."

"पाच-सा वर्सं झाली."

"मला कसं दिसलं न्हाय?"

"तू आरशात बघून बोलतीस न्हवं, गाडीच्या. त्यात मागची पोरं दिसतात."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, तरी आक्का जवळ सरकली. घोंगड्याचं एक टोक तिनं आपल्याकडं ओढलं. अण्णांनी ते सोडलं. थंडी होती, दोघं लवकरच आत जाऊन झोपले. अण्णांना आपल्याच गादीवर गाढ झोप लागली.

उजाडताना किनाऱ्यावर माणसं जमली. होडी जाळं टाकून आली. दोन्ही बाजूंना बायाबाप्यांनी दोर धरले आणि पाय वाळूत रोवून सगळे एका तालात मागं सरकू लागले. आक्कानं ते बघितलं मात्र, तिच्या हातांना खाज सुटली. इतकी माणसं कामाला लागलीत आणि आपण उभ्या? रवळूनं हाक मारायच्या आत ती दोराला भिडली. "हां, वडा! ए, तू मागं ढिला सोडतोयस! तालात, तालात!" घटकाभरात अर्धी रापण तिच्या हुकमावर चालू लागली. रवळूची बायको माधवी हसून म्हणाली, "ह्या काकीक ठेवून घेवया."

मागं कुणीतरी खाकरलं. अण्णा.

"तारा, दोराच्या दुसऱ्या टोकाला काय हाय गं?"

आक्कानं दोराकडं बघितलं, समुद्राकडं बघितलं आणि विस्तू हातात आल्यासारखा दोर टाकला. मासे! जैनाच्या घरची बाई, आणि जीव पकडायला हुकूम सोडतेय! ती तोंडावर पदर घेऊन चार पावलं मागं सरली.

"काय झाला?" रवळूनं विचारलं.

अण्णांनी हात जोडून सांगितलं, की आम्ही जैन, जिवाला धक्का लागंल असं काम हातनं होत न्हाय, तुम्हाला नावं ठेवत न्हाय, पोट हाय तुमचं, पण आम्हाला माफी करा.

रवळूनं डोकं खाजवलं. "आमी पण सोमवारी मासे खाणव नाय," तो म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे तुमचो रोजच सोमवार!"

सगळी रापण हसली. अण्णाही हसले. आक्काला मात्र चैन पडेना. ही माणसं आपली गाडी काढणार आणि आपण ह्यांच्या कामाला बोटही लावायचं नाही, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. तिनं नवऱ्याला बाजूला घेतलं. "चहा दिला तर चालंल?"

अण्णांनी बराच विचार केला. "भुकेल्याला खाया घालायला कुठल्या धर्मात पाप न्हाय," ते म्हणाले. "पोळ्याबी काढ."

मग ओटा उघडला गेला. सगळ्यात मोठं पातेलं शेगडीवर चढलं, वेलदोडे ठेचले, शेंगदाण्याच्या पोळ्यांची चळत बाहेर आली. ओल्या हातांनी माणसं आळीपाळीनं येऊन पोळी घेत होती. माधवीनं एक खाल्ली, एक पदराला बांधली आणि पोळी लाटताना फाटत कशी नाही, ते आक्काकडून नीट समजून घेतलं.

तेवढ्यात जाळं वर आलं. चांदीचा ढीग तडफडत होता, आक्कानं तिकडं पाठ केली. मोठे मासे टोपल्यांत गेले. बारीकसारीक मासळी, नखाएवढे खेकडे वाळूवर तसेच राहिले, कावळे आणि घारी टपलेल्या. आणि मग ते घडलं. नेमगोंडा अण्णांनी धोतर गुडघ्यावर खोचलं, गाडीतली बादली घेतली, समुद्राचं पाणी भरलं आणि एकेक बारका मासा उचलून बादलीत टाकत लाटेकडं धावत सुटले. तिकडं ओतायचे, परत यायचे. जन्मात कधी घाई न केलेला माणूस धावत होता! डोक्यावर कावळ्यांचं वादळ. एक खेकडा त्यांच्या बोटाला लटकला, तर "आरं सोड, तुझ्याचसाठी चाललंय!" असं ओरडत ते खेकड्यासकट पाण्यात शिरले.

"म्हातारो येडो आसा काय?" कुणीतरी म्हणालं.

"गप रे," रवळू म्हणाला. "ते बारके वाढान मोठे झाले तर आमच्याच जाळ्यात येतले." आणि त्यानंही दोन मुठी भरून पाण्यात भिरकावल्या.

हे अण्णांना ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं. आक्काला गेलं. ती पायरीवर बसली आणि हसू लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चहा उतू जाईपर्यंत ती हसत राहिली. हातात उलथनं होतं आणि काही काम सुचत नव्हतं.

मग गाडीला दोर बांधले गेले. आता दोराच्या टोकाला टेम्पो ट्रॅव्हलर असल्यामुळं अण्णांनीही हात लावला. आक्का स्टिअरिंगवर बसली. "हैसा!" गाडी डुचमळली, परत बसली. "हैसा!" आणि बूच निघाल्यासारखी वर आली.

आता निघायचं. गोवा ओलांडायचा होता, पुढं कारवार. आक्कानं आरशात बघितलं. आरशात सुरूची झाडं होती. तिनं गाडी वळवली, टणक जमीन बघून झाडांखाली लावली आणि किल्ली काढली.

"काय झालं?" अण्णा धापा टाकत आले.

"काय न्हाय," ती म्हणाली. "बसायचं."

ते तिथं पाच दिवस राहिले. रोज दुपारी माधवी यायची, आक्का तिला पोळ्या शिकवायची, माधवी तिला सोलकढी. लसूण नको म्हटल्यावर माधवीनं कपाळाला हात लावला, पण करून दिली. आक्काचा आवाज ऐकून पलीकडच्या वाडीतली माणसंही चहाला यायला लागली. अण्णांचा सकाळचा बादलीचा कार्यक्रम चुकला नाही. वाडीतल्या पोरी मदतीला येत.

चौथ्या दिवशी क्षमाचा फोन आला. "आई, कारवार कसं आहे?"

"कुणाला म्हाईत? आम्ही वेंगुर्ल्याच्या अलीकडंच हाय."

"अगं बाई! गाडी बंद पडली काय?"

"गाडी झकास हाय," आक्का म्हणाली. "आम्हीच बंद पडलोय."

फोन ठेवून ती पुन्हा पायरीवर येऊन बसली. अण्णा म्हणाले, भूक लागली. तिनं सूर्याकडं बघितलं. तो बराच वर होता.

"हाय की येळ," ती म्हणाली, आणि पाय लांब केले.