फुकटची बास्केट

हंगाम सुरू व्हायच्या आधी पेपरात आमच्याबद्दल जे छापून आलं, ते वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कॉलेजांच्या मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेत कोणता संघ कुठे राहील, याचा अंदाज बांधताना त्या शहाण्यानं आम्हाला सगळ्यात शेवटी ठेवलं होतं आणि वर मल्लिनाथीही केली होती, की या संघाला प्रशिक्षकापेक्षा हाडांच्या डॉक्टरची जास्त गरज आहे.

खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. आमची सगळ्यात उंच खेळाडू जिराफ, तिच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. एकीचा निखळलेला खांदा जागेवर बसवलेला, एकीचा घोटा अजून चिकटपट्टीत गुंडाळलेला. आणि आमची कप्तान घोरपड. तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात तिचं मागचं अख्खं वर्ष पाण्यात गेलं होतं. हे तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. या वर्षी खेळली तर खेळली, नाहीतर आयुष्यात पुन्हा कॉलेजच्या संघाचा टीशर्ट अंगावर चढणार नव्हता.

घोरपड हे नाव तिला कोणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागते. बास्केट करण्यात बेताचीच. पण बचावाला उभी राहिली आणि समोरचीला चिकटली की संपलं. समोरची पाणी प्यायला बाजूला गेली तरी ही मागे जाईल, असं आम्ही म्हणायचो. कोर्टाबाहेरही तीच गत. एकदा झेरॉक्सवाल्यानं एक पान पुसट काढलं, तर त्या बिचाऱ्याकडून तिनं ते पुन्हा पुन्हा काढून घेतलं. मागे रांगेतले लोक कुरकुरायला लागले, तर वळून त्यांनाच म्हणाली, "तुम्हाला पुसट चालतं का? मग तुमचं आधी करा."

तिचे बाबा सोफे दुरुस्त करतात. खाली त्यांचा कारखाना आणि वर दोन खोल्या, असं त्यांचं घर. कारखाना म्हणायचं, पण आहे एकच लांबोडी खोली. भिंतीला टेकवलेले फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या, पाय वर करून पडलेल्या खुर्च्या, आणि मधे तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून ठोकत बसलेले बाबा. तोंडात चुका असल्यामुळे त्यांचं सगळं बोलणं 'हूं' मध्येच होतं, पण त्या 'हूं'चे इतके प्रकार आहेत की घरात कोणाचं काही अडत नाही. गुडघ्याच्या व्यायामाला पायाला वजन बांधायचं असतं. बाबांनी उरलेल्या रेक्झिनच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरून दिली. ती पिशवी पावलाला बांधून घोरपड खाली दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवर पडायची आणि पाय वर-खाली करायची. एकदा सोफ्याचा मालकच येऊन उभा राहिला. आपल्या सोफ्यावर ही बया लोळतेय हे बघून तो बघतच राहिला. बाबांनी पहिल्यांदाच तोंडातून चुका काढल्या आणि म्हणाले, "मजबुती तपासतोय."

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आणि ती सरावाला परतली. त्या दिवसापासून आम्ही सगळ्याजणी फार समजूतदारपणे वागायला लागलो, म्हणजे शुद्ध मूर्खपणा करायला लागलो. ती बॉल घेऊन आली की आम्ही बाजूला व्हायचो. तिच्या अंगाला अंग लागू द्यायचो नाही. पास द्यायचो तोही अलगद, एखाद्या आजीला औषधाची वाटी द्यावी तसा. साहजिकच तिच्या बास्केट धडाधड व्हायला लागल्या. आमचे प्रशिक्षक सर कडेनं "छान, छान" म्हणायचे. पहिले काही दिवस तीही खूश होती. मग तिच्या लक्षात आलं.

एका संध्याकाळी तिनं बॉल जमिनीवर आपटला.

"तुम्ही मला अडवत का नाही?"

"अडवतोय की," जिराफ म्हणाली.

"अडवतेस? तू वाट दिलीस मला! मी काय अँब्युलन्स आहे?"

आम्ही हसलो, ती हसली नाही. ती सरळ माझ्याकडे आली. तिच्या गैरहजेरीत सुरुवातीच्या पाचांत तिची जागा मला मिळाली होती, त्यामुळे सरावात तिच्यासमोर मीच उभी राहायचे.

"ढकल मला," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ऑपरेशन झाल्यापासून मी एकदाही पडलेली नाही. पडून उठता येतं का, हे पडल्याशिवाय कसं कळणार? ढकल."

मी खांदा पुढे केला. लागलाही असेल नसेल, तोवर सरांची शिट्टी वाजली. सर लाल झाले होते. मला त्यांनी कोर्टाला चकरा मारायला लावलं आणि तिला बाकावर बसवलं. त्या दिवसानंतर तिच्या आसपास कोणी फिरकायचं नाही, असा हुकूमच निघाला.

सर वाईट माणूस नाहीत, हे मी रागात असतानाही सांगेन. पण त्यांनी एकदा मनात धरलं की धरलं. पहिल्या मॅचच्या आधी त्यांनी तिला बॉल ठेवायच्या खोलीत बोलावलं. उपकप्तान म्हणून मीही होते. हवा गेलेल्या बॉलांच्या जाळीला टेकून सर बराच वेळ घसा खाकरत राहिले.

"हे बघ," शेवटी ते म्हणाले, "यंदा तुला खेळवायचं नाही, असं मी ठरवलंय."

"डॉक्टर म्हणाले खेळ."

"डॉक्टरांनी तुझा गुडघा ऑपरेशनच्या टेबलावर पाहिला. मी तो तुटताना ऐकलाय. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही."

"म्हणजे गुडघा माझा आणि भीती तुमची."

सरांनी जाळीतला एक बॉल उगीच दाबून पाहिला. मग त्यांनी आपली योजना सांगितली. पहिली मॅच आपल्याच कोर्टवर आहे. पाहुण्या संघाच्या मॅडमशी बोलणं झालंय. सुरुवातीला घोरपडीनं आत जायचं, बॉल तिच्याकडे येईल, समोरच्या मुली हलणार नाहीत. तिनं शांतपणे बास्केट करायची. मग पाहुण्यांनाही तशीच एक बास्केट करू द्यायची, म्हणजे गुण बरोबरीत. मग ती बाहेर, मी आत, आणि खरी मॅच सुरू. प्राचार्य मॅडम दोन शब्द बोलतील, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील.

"तुझा मान म्हणून," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत माणसाची शोकसभाच होती ती! आता ही सरांना फाडून खाणार, असं मला वाटलं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले. "बरं? झेरॉक्सवाल्याला सोडलं नाहीस आणि इथे बरं?"

"कोर्टवर पाय तरी ठेवू दे मला," ती म्हणाली आणि सायकलला टांग मारून निघून गेली.

तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते, हॉटेलांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे. हे सगळं ठरलं म्हणून सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. मॅचच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर आई कप्तानाच्या टीशर्टला घरी पुन्हा इस्त्री करत होती.

"बघ ना गं हिच्याकडे," आई मला म्हणाली, "तोंड पाडून बसलीय. टाळ्या वाजतील, फोटो निघेल, गोडीगुलाबीनं बाहेर ये. अजून काय पाहिजे माणसाला?"

"खेळायला पाहिजे," आतून आवाज आला.

"खेळलीस की इतकी वर्षं! माझे गुडघे उभं राहून राहून गेले, तुझा उड्या मारून गेला. आता दोघी बसू." मग आईनं इस्त्री उभी केली आणि आवाज खाली आणला. "ऑपरेशननंतर मावशी, काका, सगळे मिळून हिला जिन्यानं वर आणत होते ना, तेव्हा हिच्या बाबांचे पाय नुसते लटपटत होते. मला नाही ते पुन्हा बघायचं."

खालून ठोकण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मॅचच्या दिवशी हॉल भरला होता. मॅचपेक्षा टाळ्या वाजवायलाच लोक आले होते, असं मला वाटलं. प्राचार्य मॅडमनी माईकवरून तिला 'जिद्दीचं जिवंत उदाहरण' म्हटलं. जिवंत उदाहरणानं मान खाली घालून बुटाची नाडी बांधली. गॅलरीत पहिल्या ओळीत तिचे आई-बाबा बसले होते. मी ठरल्याप्रमाणे गुणलेखकाच्या टेबलापाशी जाऊन बदली खेळाडूच्या खुर्चीवर बसले.

पंचांनी बॉल उडवला. पाहुण्यांच्या मुलीनं उडीच मारली नाही. जिराफनं बॉल घोरपडीकडे ढकलला आणि सगळा हॉल उभा राहिला. टाळ्यांच्या गजरात ती बॉल आपटत बास्केटकडे निघाली. पाहुण्यांच्या पाचही मुली हात मागे बांधून उभ्या होत्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. त्यांची कप्तान मजबूत बांध्याची, सगळ्या स्पर्धेत तिला बुलडोझर म्हणत. तीसुद्धा मान तिरकी करून गोड हसत होती. ते हसू बघून मला तिला चिमटा काढावासा वाटला.

घोरपड बास्केटखाली पोचली. हात वर केला असता की झालं असतं. ती थांबली, वळली, बुलडोझरपाशी गेली आणि बॉल तिच्या पोटाशी लावला.

"धर," ती म्हणाली, "आणि जा माझ्या अंगावरून, जमलं तर."

टाळ्या विस्कटत विस्कटत बंद पडल्या. बुलडोझरनं बॉल धरला आणि आपल्या मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आमच्या सरांकडे पाहिलं. सरांनी डोक्याला हात लावला. पण घड्याळ चालू होतं आणि घोरपड तोवर उलट्या पावलांनी धावत कोर्टाच्या मध्यावर गेली होती. तिथं पाय रोवून, छाती पुढे काढून ती उभी राहिली. "ये ना!" ती ओरडली. "की तुलाही माझी दया येते?"

ते बोलणं बुलडोझरच्या वर्मी लागलं. खेळाडूच ती शेवटी. हसू पुसलं गेलं आणि ती निघाली. पुऱ्या वेगात आली, थांबलीच नाही आणि सरळ घोरपडीच्या छातीवर आदळली. घोरपड मागे उडाली आणि पाठीवर पडून फरशीवर घसरत गेली.

मी आईकडे पाहिलं. ती कठड्याला धरून उभी होती आणि बाबांनी तिचा पदर की बाही काहीतरी घट्ट धरलं होतं. सर कोर्टच्या रेषेवर एक पाय आत, एक पाय बाहेर असे गोठले होते. मग पंचांची शिट्टी वाजली. जागेवर उभ्या असलेल्या खेळाडूला येऊन धडकलं, तर चूक धडकणाऱ्याची. पंचांनी बुलडोझरकडे बोट केलं. बॉल आमचा.

घोरपडीनं छताकडे बघत एक मोठा श्वास सोडला. जिराफनं पुढे केलेला हात तिनं घेतला नाही. ती कुशीवर वळली, डावा पाय पोटाशी घेतला, टेकवला आणि त्याच पायावर जोर देऊन उभी राहिली. दोनदा जागच्या जागी उड्या मारून पाहिल्या. आणि हसली! गेल्या वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगं ए भवाने, डोळे आहेत का तुला?" वरून आईचा आवाज आला. तो बुलडोझरला होता. सगळा हॉल फिस्सकन हसला, बुलडोझरही ओशाळून हसली.

पंच माझ्याकडे वळले आणि त्यांनी हातानं मला आत बोलावलं. ठरलेलंच होतं ते. मी खुर्चीतून उठले, पण पाय पुढे टाकला नाही.

"जा," सर म्हणाले.

"नाही जाणार."

"काय म्हणालीस?"

"तिला बाहेर काढायचं असेल तर तुम्ही स्वतः आत जा, सर. हाताला धरून घेऊन या सगळ्यांसमोर. मी तुमचं ते काम करणार नाही."

सरांशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी कोर्टकडे पाहिलं. घोरपड बाजूच्या रेषेपाशी हात पसरून बॉल मागत होती. आमच्या बाकाकडे ती ढुंकूनही बघत नव्हती. बाकावर अजून चार-पाच जणी होत्या. सरांची नजर त्यांच्यावरून फिरली, तशा सगळ्या एकदम खाली बघून बुटांच्या नाड्या सारख्या करायला लागल्या.

"ती खेळली तर या वर्षी तू बसशील," सर हळू आवाजात मला म्हणाले. "तिची जागा आणि तुझी जागा एकच आहे. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. साफ खोटं. मला ती जागा हवी होती, अजूनही हवी आहे, आणि ती खेळताना बघून माझा जीव जळतो, हे मी तिच्या तोंडावरही सांगते. पण जी जागा मला तिच्याकडून हिसकावून घेता येत नाही, ती सरांच्या दयेनं घेऊन मी काय करू?

सरांनी पंचांना हातानंच नको म्हणून सांगितलं आणि ते खाली बसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. घोरपडीला बॉल मिळाला. बुलडोझर तिच्यासमोर येऊन उभी राहिली. या वेळी तिचे हात मागे बांधलेले नव्हते, दोन्ही बाजूंना ताणून पसरलेले होते.