दाराखालचा बटाटा

मी जिवंत आहे की नाही, हे माझ्या मुलीला एका बटाट्यावरून कळत असे, आणि ही गोष्ट तिनं मला सांगितलेली नव्हती.

आधी खेळाचं सांगते. मुलगी पुण्याला नोकरीत. मी तंजावूरला, हे गेल्यापासून एकटी. एका दिवाळीला ती आली आणि आपला जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "अम्मा, फोनवर आपण बोलतो काय? जेवलीस का, गोळी घेतलीस का. त्यापेक्षा दोघी मिळून घर बांधू." तो ठोकळ्यांचा खेळ. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, गायसुद्धा ठोकळ्यांची. तिनं पुण्यातून आत शिरायचं, मी इथून, आणि जग दोघींचं एकच. मी म्हटलं, झालं, आता म्हातारपणी भातुकली! पण त्या खेळात एक तांबडी भुकटी मिळते. ती जमिनीवर ओळीनं पसरली की तिच्यातून वीज जाते. मी जन्मभर बायकांच्या कॉलेजात भौतिकच्या प्रयोगशाळेत काढलेली बाई. घंटा, रिले, बॅटऱ्या जोडून देणं हेच माझं काम. भुकटीनं पहिला दिवा लागला आणि मी अडकले ती अडकलेच.

सगळ्यात मला आवडला तो एक दगडी ठोकळा. त्याला तोंड असतं. तोंडासमोर जे ठेवाल त्याच्याकडे तो टक लावून बघत बसतो. समोर काही बदललं, दार उघडलं, रोप वाढलं, की पाठीमागून विजेचा एक झटका देतो. बदललं नाही तर ढिम्म. मी त्याला 'बघ्या' म्हणते. बघ्याच्या जोरावर मी काय काय केलं! माणूस आला की आपोआप लागणारे दिवे केले, भोपळा पिकला की वाजणारी घंटा केली. रोज सकाळची कॉफी झाली की तास-दीड तास माझा तिथंच जायचा. मुलगी दुपारी डबा खाताना तिथं डोकावून जायची.

एकदा ओरत्तनाडूला आत्तेबहिणीच्या नातवाचं बारसं होतं. पहाटेच निघाले, मुलीला सांगायचं राहिलं. तिथं माणसांत रमले, फोनची बॅटरी कधी मेली कळलं नाही, परतीची बस उशिरा आली. घरी पोचते तर दारात ही गर्दी! शेजारची मामी कपाळाला हात लावून उभी, रिक्षावाल्यानं पहारीनं कडी उचकटलेली. मुलीनं पुण्याहून मामीला फोन केला होता, अम्माला काहीतरी झालंय म्हणून.

मी चार्जर लावला आणि तिच्यावर तोंड सोडलं. "एक दिवस फोन लागला नाही तर माझं दार फोडतेस? अय्यो, गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस!"

"फोनचं नाही गं," ती रडत होती. "बटाटा नव्हता."

"कसला बटाटा?"

 मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खेळातल्या माझ्या घराच्या उंबऱ्याखाली तिनं एक बघ्या पुरला होता, तोंड माझ्या दाराकडे. मी दार उघडलं की तो झटका द्यायचा, शेजारचं बटाट्यांनी भरलेलं खोकं एक बटाटा पेटीत टाकायचं. दुपारी ती पेटी उघडून बघायची. बटाटा दिसला, म्हणजे अम्मा उठली, कॉफी प्याली, खेळायला बसली. मग बटाटे काढून घेऊन पेटी रिकामी करून ठेवायची. त्या दिवशी पेटीत काही नव्हतं.

मला इतका राग आला! माझ्याच लाडक्या बघ्याला माझ्याच दारात पहाऱ्याला बसवलं. वर ती म्हणाली, "अम्मा, पुन्हा असं झालं तर मी घराला कुलूप लावून तुला इकडे घेऊन येईन. मला हे झेपत नाही." ती थट्टा करत नव्हती. तिचा आवाज मी ओळखते.

पुण्याचं कुणाला वाईट सांगायचं नाही मला. पण मी तिथं राहून पाहिलं आहे. तिथला भाजीवाला माझं मराठी ऐकून विचारतो, "मॅडम, हिंदीत बोलू का?" तंजावुरात साडेतीनशे वर्षं आमच्या मराठी घरांनी जपलेली भाषा, आणि तिच्याच गावात मी परकी. इथं मामीशी तमिळमध्ये भांडते, देवाशी मराठीत भांडते, आणि दोघांनाही कळतं. हे दोन खोल्यांचं घर यांनी नोकरीत असताना बांधलं. मागच्या अंगणात धुण्याचा दगड आहे, नारळ आहे. हे सोडून नवव्या मजल्यावर जाऊन मी करू काय?

म्हणून मी ठरवलं, हिची पेटी कधी रिकामी राहता कामा नये. तिचा बघ्या मी उपटला नाही. उपटला असता तर ती दुसरा पुरणार, माझीच मुलगी ती. मी खेळातल्या घराच्या मागं पाण्याकडेला उसाची रांग लावली. ऊस पूर्ण उंचीला पोचला की तिथं बघत बसलेला बघ्या झटका देणार, त्यानं दट्ट्या पुढं येऊन ऊस मधेच तोडणार, खालचा बुडखा पुन्हा वाढायला लागणार. आणि त्याच झटक्याची एक भुकटीची ओळ जमिनीखालून नेऊन मी तिच्या बटाट्याच्या खोक्याला जोडली. आता मी दार उघडो न उघडो, ऊस वाढला की बटाटा पडणार. कावेरीच्या पाण्यावर वाढलेल्या बाईला ऊस काय शिकवायचा! आपण झोपलेलो असू, गावाला गेलेलो असू, ऊस आपला वाढतच असतो. मी त्या दिवशी स्वतःवर इतकी खूश झाले की दुपारी रव्याची गोड केसरी केली आणि एकटीनंच खाल्ली.

मग मुद्दाम एकदा परीक्षा घेतली. कुणाला न सांगता परत ओरत्तनाडूला गेले. दुपारी बसमध्ये होते तर मुलीचा फोन. "सहज केला," म्हणाली. "कोठं आहेस?" मी म्हटलं, "घरीच." नेमका तेव्हाच कंडक्टर तिकिटासाठी ओरडला. "टीव्ही लावलाय," मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. दार कुणी फोडलं नाही. मी मनात म्हटलं, शाबास बाई, चालला तुझा ऊस.

पुढचे कितीतरी महिने छान गेले. दुसरी किल्ली मी मामीकडे ठेवली होती, कडीचा खर्च पुन्हा नको म्हणून, तेवढंच.

त्या सकाळी कॉफीच्या आधी साडी पिळून घ्यावी म्हणून मागच्या अंगणात गेले. धुण्याच्या दगडाभोवती शेवाळ साचलेलं. पाय कसा सटकला देव जाणे. पडले ती घोट्यावरच. उठायला गेले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. फोन आत टेबलावर. मामीला हाका मारल्या, पण तिच्याकडे मिक्सर चालू, मग टीव्ही चालू. ऊन भिंतीवरून खाली उतरत अंगणात आलं, मग माझ्या अंगावर आलं.

तिथं पडल्या पडल्या मला ऊस आठवला.

शिवशिवा! मी इथं पालथी पडलेली, आणि तिकडे माझा ऊस झोकात वाढतोय. दट्ट्या आपटतोय, बटाटे पडताहेत. दुपारी मुलगी पेटी उघडणार, भरलेली बघणार, म्हणणार, अम्मा मजेत आहे. डबा संपवून कामाला लागणार. माझ्या हातानं मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. मी रडले. दुखतंय म्हणून थोडं, पण जास्त भीतीनं. आज कुणाला कळणार नाही, उद्याही कळणार नाही, ऊस आहे तोवर कुणालाच कळायचं नाही. त्या क्षणी कुणी विचारलं असतं, पुण्याला येतेस का, तर मी हो म्हटलं असतं.

ऊन डोक्यावरून थोडं कललं असेल, आणि पुढच्या दारात किल्ली वाजली. मामी आली, देवाला तमिळमध्ये हाका मारत. तिच्या हातात फोन होता आणि फोनवर मुलगी. मामीनं तो माझ्या कानाला लावला.

"अम्मा! अम्मा, बोल काहीतरी."

"आहे गं, आहे," मी म्हटलं. "पाय गेला. तुला कसं कळलं?"

"पेटी रिकामी होती."

"कशी रिकामी असेल? ऊस…" आणि मी जीभ चावली.

"ऊस वाढला नाही अम्मा." ती हुंदके देत होती. "त्या खेळातली जमीन, जवळ कुणी माणूस असलं तरच जागी होते. नाहीतर सगळं थांबून असतं, पाणी, गाय, सगळं. ऊस आपोआप नाही वाढत गं. तू तिथं असलीस तरच वाढतो."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. तिनं पहिल्यांदा शेवाळ घासून काढलं, मग दगडापाशी रबरी चटई घातली, मग माझ्याजवळ पलंगावर येऊन बसली. ऊस तिला पहिल्याच आठवड्यात दिसला होता. दट्ट्याचा आवाज लपतो होय?

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुझा ऊस माझ्या दारापेक्षा बरा होता. दारावरून एवढंच कळायचं की तू आलीस. उसावरून कळायचं, किती वेळ बसलीस. ताप असला की बटाटे कमी, मजेत असलीस की पेटी भरलेली." मग म्हणाली, "आणि एकदा पेटी रिकामी दिसली म्हणून फोन केला, तर बसमध्ये टीव्ही असतो हेही कळलं."

मी हसले, आणि मग मला राहवेना. पुण्याचं तिनं काढायच्या आधी मीच काढलं. "बॅग भरायची का?"

तिनं लॅपटॉप उघडला. खेळातल्या माझ्या घराचा उंबरा खणला, तो बघ्या बाहेर काढला आणि माझ्यापुढं टाकला. "हा तुझा तुला. पुन्हा नाही पुरणार." तिचे डोळे भरले होते. "काल मी फार घाबरले गं अम्मा. पण तू पडलीस ते त्याच दुपारी कळलं मला. तुला यायचंय का पुण्याला?"

"नाही," मी म्हटलं.

"मग नको. ऊस मात्र तोडू नकोस."

प्लास्टर निघालं. ती परत गेली. आता सकाळची कॉफी झाली की मी खेळातलं घर नंतर बघते, दिवे नंतर बघते. आधी मागं जाते आणि दट्ट्या वाजेपर्यंत उसाजवळ उभी राहते.