मर्लमावशीच्या बापाची चिठ्ठी

आमच्या कुराबिन गावावरचं एक गाणं साऱ्या ऑस्ट्रेलियात गातात, आणि त्यातला फितूर म्हणजे मर्ल टिंडलचा बाप, असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. मर्लमावशी नात्याची नव्हे, सारं गाव तिला मावशी म्हणतं; आता सत्तरीची. बाप गेल्यापासून एकटीच राहते. दर वर्षी जत्रेत लोक ताल धरून ते गाणं म्हणत, त्यात सगळ्यात वरचा आवाज माझ्या आईचा. आणि त्यांच्याच चहासाठी मावशी आत स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजत असे. मला याचा राग यायचा. पण तोंड मात्र मी कधी उघडलं नाही, हेही सांगून टाकतो.

गाण्यातली हकिगत खरी. मेंढ्या पावसात भिजल्या, तर त्यांची लोकर कातरायची की नाही हे कातरणारे मजूरच ठरवतात; ओल्या ठरल्या तर काम बंद, मजुरीही बंद. प्रत्येकाने चिठ्ठीवर ‘ओली’ किंवा ‘कोरडी’ लिहून टोपीत टाकायची. त्या वर्षी परगावचे पाच जण ‘कोरडी’ म्हणणार हे उघडच होतं. गावच्या सहांनी ‘ओली’ लिहायचं ठरवलं होतं. चिठ्ठ्या मोजल्या, तर सहा कोरड्या! ओल्या मेंढ्या कातरून एक जण तापाने गेला. क्लॅरी टिंडलच्या घरी तेव्हा नुकतंच बाळ आलं होतं, कामाची निकड त्यालाच जास्त. गावाने त्याच्याकडे बोट दाखवलं. ते बाळ म्हणजे मर्लमावशी.

गेल्या हिवाळ्यात सिडनीहून ॲलिसन पेक नावाची बाई गाण्यातली खरी माणसं शोधत आली. कातरणीच्या जुन्या शेडच्या फळ्या उखडताना तंबाखूचा एक डबा सापडला होता, आणि त्यात त्याच अकरा चिठ्ठ्या. मावशीने मला सोबतीला बोलावलं. गावच्या सभागृहात ॲलिसनने चिठ्ठ्या मांडल्या.

एका चिठ्ठीवर अक्षरच नव्हतं. पाण्याचा थेंब काढला होता.

“हा माझा बाबा,” मावशी म्हणाली. “त्याला मेल्याला लिहिता कुठं येत होतं!” आणि ती रडायला लागली. मीही रडलो.

“मग फुटला कोण?” ॲलिसनने ‘कोरडी’च्या सहा चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. “यातलं गावच्या माणसाचं अक्षर ओळखता येतंय?”

तिसऱ्या चिठ्ठीवर मी थांबलो. तेच तिरकं, शेपटीदार अक्षर. आमच्या घरच्या बायबलात आईचा जन्म याच अक्षरात लिहिलाय. मावशीलाही ते पाठ होतं. रविवारच्या शाळेत माझ्या आजोबांनीच तिला शिकवलं होतं.

“छे बाई, चष्मा घरी राहिला,” मावशी म्हणाली.

चष्मा तिच्या नाकावर होता. मला राहवेना.

“लिहून घ्या,” मी ॲलिसनला म्हणालो. “माझे आजोबा. आईचे वडील.”

“गाढवा!” मावशी उसळली. “तुझी आई विनी ब्याऐंशीची आहे. तिच्या जिवाला कशाला घोर? माझं काम झालं की!”

“पुढच्या महिन्यात जत्रा आहे, मावशी. ती पुन्हा गाईल. मला ते ऐकवणार नाही.”

मावशी उठली. तिने कोट चढवला.

“एकटा सांगायला जाऊ नकोस,” ती म्हणाली. “फितुराची लेक म्हणून कसं जगायचं, ते तुला काय ठाऊक? मी येते तिच्यापाशी बसायला.”