मूळ फाइलवाल्या ताई

“नाक गेलं बघा!” असं म्हणत ताई कॉम्प्युटरचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवायच्या. पडद्यावर कुणा साहेबांच्या नाकाचे नुसते चौकोन झालेले असायचे. दहा ठिकाणी फिरून आलेला व्हॉट्सॲपचा फोटो, आणि हवा वीस फुटांचा वाढदिवसाचा फ्लेक्स! नांदेडच्या आमच्या दुकानात ताई डिझाइन करायच्या, मी छपाईचं मशीन चालवायचो. चौकात असे बिननाकाचे शुभेच्छुक तुम्हीही पाहिले असतील; ते आमच्याकडचे नव्हेत.

फाइलींबद्दल ताईंची मतं पक्की. “टिफ जड असते, पण फोटोतलं काही गाळत नाही. जेपेग हलकी, पण दर सेव्हला थोडं थोडं खाते.” टिफनं डिस्क भरली की मालक बोंबलायचे. मी चिडायचो आयफोनच्या नव्या एचईआयसी फाइलवर, कारण ती आमच्याकडे उघडायचीच नाही.

“तिला नावं ठेवू नका भाऊ,” ताई म्हणायच्या. “कमी जागेत लई मावतं तिच्यात. आपलंच सॉफ्टवेअर म्हातारं झालंय.”

एकदा बिलोलीकडचे एक शेतकरी आले. मुलीचा मेडिकलला नंबर लागला होता, गावातली पहिलीच. संध्याकाळी सत्कार, त्याआधी वेशीवर फ्लेक्स लागायला हवा. पेनड्राइव्हमध्ये पुतण्याच्या आयफोनवरचा फोटो. ताई जेवायला बसत होत्या, म्हणून मीच हुशारी केली: फाइलच्या नावातलं एचईआयसी खोडून जेपेग लिहिलं. उघडते कसली! मग त्यांच्या व्हॉट्सॲपवरचा बारका फोटो चेहरा सुधारणाऱ्या ॲपमध्ये टाकला. पोरगी गोरीपान झाली, अगदी नटी. मी खूश.

वडील बघतच राहिले. “ही कोण हाय? माझ्या पोरीच्या कपाळावर भाजल्याचा डाग हाय. ही माझी पोरगी न्हाई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई उघडलेला डबा तसाच ठेवून पेनड्राइव्हसकट शेजारच्या स्टुडिओत धावल्या. तिथल्या नव्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली, टिफ करून आणली. मशीनमधून कपाळ बाहेर आलं, डाग दिसला, आणि वडील ओरडले, “हाव, हीच!” मग पंच्यानं डोळे पुसत बसले.

पुढे पगार वाचवायला मालकांनी ते ॲपच विकत घेतलं आणि ताईंना नारळ दिला. मी एक शब्द बोललो नाही. त्याची अजून लाज वाटते.

परवा तेच वडील आले. धाकटीचाही नंबर लागला होता.

“त्या बाई कुठायत?”

“सोडून गेल्या. पण ॲप आहे ना, एका मिनिटात...”

“मग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून पायऱ्या उतरले.